रोनित एल्काबेत्झ: तिच्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इस्रायली सिनेमाचा विषय निघाला की मी फिरून फिरून याच बाईच्या नावावर येतो, आणि मग तेच तेच प्रश्न येतात. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. क्रम मनात आला तसा आहे, जे जास्त आवडतं त्यावर जास्त लिहिलंय.

रोनित एल्काबेत्झ म्हणजे नक्की कोण? अॅक्ट्रेस की डायरेक्टर?

दोन्ही. आणि लेखिका पण. जन्म 27 नोव्हेंबर 1964, दक्षिण इस्रायलमधल्या बेर शेवा शहरात, आणि गेली 19 एप्रिल 2016 ला, वयाच्या फक्त 51 व्या वर्षी. लांब काळे केस, मोठे डोळे, जाडसर आवाज, पडद्यावर आली की बाकीचे लोक आपोआप मागे सरकतात अशी बाई. बरेच जण तिला 'द बँड्स व्हिजिट' मधली हॉटेलवाली म्हणून ओळखतात आणि तिथेच थांबतात. पण तिचं खरं मोठं काम म्हणजे भाऊ श्लोमी एल्काबेत्झबरोबर लिहून, डायरेक्ट करून, स्वतःच मेन रोल करून बनवलेले तीन सिनेमे, एकाच बाईच्या लग्नावर. दहा वर्षं लागली त्याला. तीन सिनेमे, एक लग्न. ते तिन्ही पाहिले नसतील तर रोनित अजून पाहायचीच आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

घरचं बॅकग्राउंड काय होतं?

आईवडील मोरोक्कोचे ज्यू, एस्सावीरा या समुद्रकाठच्या गावाकडचे. रोनित चार भावंडांत सगळ्यात मोठी आणि तिच्या मागे तीन भाऊ. ती लहान असतानाच घर उत्तरेला हैफाजवळच्या कीर्यात यामला आलं. वडील पोस्टात कामाला, आई केस कापायची, सेट करायची. घरात हिब्रू तर होतीच, पण फ्रेंच आणि मोरोक्कोची अरबी पण चालायची, एका वाक्यात तीन भाषा अशी गत.

हे मुद्दाम सांगतोय कारण याच्याशिवाय तिचे सिनेमे कळत नाहीत. इस्रायलमध्ये अरब देशांतून आणि उत्तर आफ्रिकेतून आलेल्या ज्यू लोकांना मिझराही म्हणतात. 1950 च्या दशकात हे लोक लाखांनी आले तेव्हा त्यांना सीमेजवळच्या, वाळवंटातल्या नव्या वसाहतींमध्ये टाकलं गेलं, आणि युरोपातून आलेल्यांच्या हातात सत्ता, नोकऱ्या, रेडिओ, नाटक, सिनेमा सगळं होतं. मिझराही माणूस सिनेमात यायचा तो बहुतेक वेळा हसवायला, हेल काढून बोलायला. रोनितने या घरातली आई, बहीण, घटस्फोटित बाई पडद्याच्या मधोमध आणून उभी केली आणि तिला सगळा वेळ दिला. ती उघडपणे स्वतःला मिझराही आणि फेमिनिस्ट म्हणायची.

अॅक्टिंग कुठे शिकली?

कुठेच नाही. फॅशनमध्ये जायचं डोक्यात होतं, मॉडेलिंग करायची. 1990 मध्ये डॅनियल वाक्समनच्या सिनेमात पहिला रोल मिळाला आणि तिथून गाडी सुरू झाली. इस्रायलमध्ये नाव झालं ते 1994 च्या 'शखूर' ने. हा सिनेमा हाना अझुलाय हस्फारीने स्वतःच्या लहानपणावरून लिहिलेला, एका मोरोक्कन कुटुंबावर, जिथे घरात मंत्रतंत्र, उतारे वगैरे चालतात, आणि रोनित त्यात मतिमंद मोठ्या बहिणीच्या रोलमध्ये आहे. सिनेमावर तेव्हा बरीच भांडणं झाली, काही मोरोक्कन लोकांना वाटलं की आम्हाला अडाणी दाखवलंय, काहींना वाटलं की निदान कोणीतरी आमचं घर आतून दाखवलं. यासाठी तिला ओफिर मिळालं, म्हणजे इस्रायलचं सगळ्यात मोठं फिल्म अवॉर्ड. पुढे अजून दोन मिळाली, एकूण तीन.

नाव झालं होतं तर मग पॅरिसला का गेली?

1997 मध्ये गेली, नाव झालेलं असताना. तिथे आरियान म्नूश्किनच्या थिएटर द्यू सोलेय या नावाजलेल्या ग्रुपबरोबर शिकली. नंतर फ्रेंच सिनेमेही केले, आंद्रे तेशीनेच्या 2009 च्या सिनेमात कॅथरीन दनव्हबरोबर आहे, फॅनी आरदांने डायरेक्ट केलेल्या पहिल्या सिनेमात मेन रोल आहे. तेव्हापासून शेवटपर्यंत पॅरिस आणि तेल अवीव अशा दोन्हीकडे तिचं काम चालू राहिलं. तिच्या स्वतःच्या तिन्ही सिनेमांना फ्रान्समधून पैसा मिळाला, ही पण त्यातलीच गोष्ट.

'लेट मॅरेज' एवढा का गाजला?

कारण तो खरा आहे. 2001 चा, डोव्हर कोसाश्विलीचा. जॉर्जियातून आलेल्या ज्यू कुटुंबातला झाझा, वय 31, पीएचडी करतोय, लग्न होत नाहीये म्हणून आईबाप त्याला घेऊन मुली बघत फिरतात. सुरुवातीचा मुलगी बघायचा सीन बघा, आपल्याकडच्या कांदेपोहे कार्यक्रमात बसलेल्या कुणालाही तो समजावून सांगायची गरज नाही, दोन घरचे लोक गप्पा मारतायत आणि मुलगा मुलगी एका खोलीत अवघडून बसलीयेत. पण झाझाचं आधीच एकीवर प्रेम आहे, जुडिथ, 34 वर्षांची, घटस्फोटित, एक लहान मुलगी, आणि वर मोरोक्कन. म्हणजे त्या घरासाठी चारही बाजूंनी नाही.

रोनित ही जुडिथ आहे. सिनेमाच्या मधोमध त्या दोघांचा एक खूप लांब बेडरूम सीन आहे, लोक त्यावरच जास्त बोलतात, आणि तो चांगलाच आहे कारण त्यात दोघं हसतात, चिडतात, थट्टा करतात, अगदी जुनी जोडपी करतात तसं. पण माझ्यासाठी सिनेमा त्याच्या नंतर आहे, जेव्हा झाझाचं अख्खं खानदान तिच्या फ्लॅटमध्ये घुसतं आणि तिला धमकावतं. आणि झाझा उभा आहे. काही बोलत नाही. त्या वेळी जुडिथचा चेहरा बघा, ती खानदानाकडे बघतच नाही, ती फक्त त्याच्याकडे बघते आणि तुम्हाला दिसतं की हिला याच क्षणी कळलं. डायलॉग नाही, रडणं नाही. झाझाची आई झालीये ती डायरेक्टरची सख्खी आई, लिली कोसाश्विली, आणि ती पण कमाल आहे. दुसरं ओफिर रोनितला याच रोलसाठी मिळालं.

'ऑर' बघावा का?

बघावा, पण तयारीने बघा. केरेन येदायाचा 2004 चा सिनेमा, कान्सला पहिल्या सिनेमासाठीचा कॅमेरा द'ओर मिळालेला. तेल अवीवमध्ये वेश्याव्यवसाय करणारी आई आणि तिला त्यातून बाहेर काढायला धडपडणारी शाळकरी मुलगी. मुलगी दाना इव्गी, आई रोनित. कॅमेरा एका जागी ठेवलेला, म्युझिक नाही, कुणावर दया दाखवायची सोय नाही.

'द बँड्स व्हिजिट' ऑस्करला का गेला नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. 2007 चा एरान कोलिरिनचा सिनेमा. इजिप्तच्या अलेक्झांड्रिया शहरातला पोलिस बँड एका कार्यक्रमासाठी इस्रायलला येतो, जायचं असतं पेताह तिक्वाला, आणि पोचतो बेत हतिक्वा नावाच्या वाळवंटातल्या ओसाड गावात. पुढची बस दुसऱ्या दिवशी. गावात एक छोटं हॉटेल, ते चालवणारी दिना म्हणजे रोनित. आता इजिप्शियन आणि इस्रायली आपसात बोलणार कशात, तर मोडक्या इंग्लिशमध्ये. त्यामुळे अर्ध्याहून जास्त संवाद इंग्लिशमध्ये भरले आणि परभाषेतल्या सिनेमाच्या कॅटेगरीतून तो बाद झाला. इस्रायलने मग 'बोफोर' पाठवला आणि त्याला नॉमिनेशन मिळालं. मला अजूनही हे चुकीचं वाटतं, कारण त्या मोडक्या इंग्लिशमध्येच तर सिनेमाचा जीव आहे, दोन्ही बाजूंना ती भाषा परकी आहे म्हणून तर कुणी कुणाच्या वर नाही.

त्यात एक सीन आहे, दिना आणि बँडचा वयस्कर प्रमुख तौफिक रात्री एका बाकावर बसलेत. ती म्हणते ही आमची बाग, आणि आजूबाजूला नुसतं सिमेंट. मग ती त्याला विचारते की बँड कंडक्ट करताना कसं वाटतं, आणि तो हात हवेत उचलून दाखवतो, हळू, लाजत, आणि ती पण त्याचं बघून हात उचलते. बस. एवढंच होतं. तौफिक झालेले सासोन गबाय स्वतः बगदादचे, नंतर यावर ब्रॉडवे म्युझिकल आलं तेव्हा तिथेही त्यांनी काही काळ तोच रोल केला. त्या म्युझिकलला 2018 मध्ये दहा टोनी अवॉर्ड्स, म्हणजे ब्रॉडवे नाटकांची सगळ्यात मोठी अवॉर्ड्स, मिळाले. दिना तौफिकला सांगते की लहानपणी टीव्हीवर अरबी सिनेमा लागायचा आणि सगळे बघत बसायचे, ओमर शरीफ, फातेन हमामा, हे इजिप्तचे स्टार. इस्रायली टीव्हीवर शुक्रवारी दुपारी अरबी सिनेमा खरंच लागायचा आणि अरब देशांतून आलेल्या घराघरात तो बघितला जायचा. तिसरं ओफिर तिला दिनासाठी मिळालं.

भावाबरोबरचे तीन सिनेमे कोणते? क्रमाने बघायला पाहिजेत का?

क्रमाने बघितले तर मजा वेगळी, पण प्रत्येक सिनेमा एकटाही उभा राहतो.

पहिला 2004 चा 'टू टेक अ वाइफ'. 1979, हैफा, तीन दिवसांची गोष्ट. व्हिव्हियान घरीच बायकांचे केस करते, नवरा एलियाहू पोस्टात आहे, धार्मिक आहे, मारत नाही, दारू पीत नाही, बाहेर कुणी नाही. आणि तरी तिचा जीव त्या घरात गुदमरतोय. सुरुवातीलाच तिचे भाऊ रात्री किचनमध्ये तिच्याभोवती गोळा झालेत आणि एकेक जण समजावतोय, तो चांगला माणूस आहे, मुलांकडे बघ, जाऊ नकोस. ती सिगरेट ओढतेय आणि ऐकतेय. सगळे भाऊ तिच्यावर प्रेम करतात हो, हेच तर त्यातलं भयंकर आहे. पोस्टातला नवरा, केस करणारी बायको, म्हणजे हे कुठून आलं ते वर वाचलं असेल तर लक्षात येईलच. रोनितने स्वतःच्या आईच्या आयुष्यातून ही बाई उभी केली आणि मग ती स्वतःच झाली.

दुसरा 2008 चा 'सेव्हन डेज'. साल 1991, गल्फ वॉर चालू आहे, इराककडून मिसाइल येतायत, आणि याच कुटुंबातला एक भाऊ वारलाय. ज्यू रिवाजाप्रमाणे जवळच्या नातेवाइकांनी सात दिवस एका घरात, खाली बसून सुतक पाळायचं. सुरुवातीला स्मशानात सायरन वाजतो आणि सगळे नातेवाईक रडत रडत गॅस मास्क चढवतात. मग सात दिवस तीच खोली, जमिनीवर गाद्या, जुनी भांडणं, पैशाचे व्यवहार. व्हिव्हियान इथे अनेकांतली एक आहे. कान्स फेस्टिव्हलच्या क्रिटिक्स वीक या विभागाची सुरुवात त्या वर्षी याच सिनेमाने झाली.

आणि तिसरा 2014 चा 'गेट्ट'. त्यावर वेगळं लिहितो.

'गेट्ट' मध्ये नवरा घटस्फोट देत नाही म्हणजे काय? कोर्ट देईल ना?

नाही देत, देऊ शकत नाही, आणि इथेच सगळी मेख आहे. इस्रायलमध्ये सिव्हिल मॅरेज नाही आणि सिव्हिल डायव्होर्सही नाही. 1953 च्या कायद्याने ज्यू लोकांचं लग्न आणि घटस्फोट पूर्णपणे रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, धार्मिक कोर्टाच्या हातात आहे. आणि धर्मशास्त्र सांगतं की घटस्फोटाचा कागद, म्हणजे गेट्ट, नवऱ्याने स्वतःच्या मर्जीने बायकोच्या हातात द्यायला हवा. न्यायाधीश त्याला समजावू शकतात, दटावू शकतात, 1995 च्या कायद्याने तर लायसन्स, पासपोर्ट, बँक खातं अडवू शकतात, वेळ आली तर आत टाकू शकतात, पण त्याच्या जागी स्वतः घटस्फोट देऊ शकत नाहीत. तो नाही म्हणाला की बाई अडकली. दुसरं लग्न नाही. दुसऱ्या कुणापासून मूल झालं तर धर्माच्या नजरेत त्या मुलावर आयुष्यभराचा शिक्का, त्याला इतर ज्यूंशी लग्न करता येत नाही. आणि यात नवराबायको धार्मिक आहेत की नाहीत याने काही फरक पडत नाही, तेल अवीवमधली पक्की नास्तिक बाई पण याच रांगेत उभी असते.

मग सिनेमात होतं काय?

व्हिव्हियान घर सोडून तीन वर्षं झालीयेत. आता गेट्ट मागायला कोर्टात आलीये. आणि पुढची पाच वर्षं आपण फक्त एक कोर्टरूम आणि बाहेरचा पॅसेज बघतो. आधी नवरा येतच नाही. मग येतो आणि गप्प बसतो. मध्येच पडद्यावर अक्षरं येतात, अमुक महिन्यांनंतर, आणि पुन्हा तीच खोली, तीच टेबलं. साक्षीला शेजारी येतात, बहीण येते, आणि प्रत्येक जण नवऱ्याबद्दल सांगतो की देवमाणूस आहे. काही साक्षींना थिएटरमध्ये लोक हसतात पण, कारण साक्षीदार बायका एक सांगायला येतात आणि स्वतःच्या संसाराचं भलतंच बाहेर पडतं.

नवरा केलाय सिमोन आबकारियानने, पहिल्या सिनेमापासून तोच आहे, आणि त्याचं कौतुक झालं पाहिजे कारण त्याने त्या माणसाला राक्षस केलं नाही. तो फक्त हट्टी आहे, दुखावलेला आहे, आणि कायदा त्याच्या खिशात आहे. व्हिव्हियानचा वकील मेनाशे नॉय. नवऱ्याची बाजू मांडणारा त्याचा भाऊ म्हणजे पुन्हा आपले सासोन गबाय, 'बँड्स व्हिजिट' मध्ये तिच्यासमोर लाजणारा तौफिक इथे तिच्यावर बोट रोखून उभा आहे.

सुरुवात नीट बघा. पहिली काही मिनिटं पुरुष एकमेकांशी बोलतायत, तिच्याबद्दल, आणि ती पडद्यावर दिसतच नाही. चेहरा नंतर येतो. हे मुद्दाम आहे. रोनित आणि श्लोमीने ठरवलं होतं की कॅमेरा कधीच बाहेरून बघणार नाही, प्रत्येक शॉट हा त्या खोलीत बसलेल्या कुणाच्या तरी नजरेतून असेल. म्हणजे नवरा तिच्याकडे बघतोय, न्यायाधीश वरून बघतायत, वकील चोरून बघतोय, असं. ज्या खोलीत तिला कुणी विचारत नाही तिथे तिची नजरही बाकीच्यांच्या नजरेइतकीच मोजली जाते, एवढी साधी आणि एवढी मोठी आयडिया आहे ती.

आणि केसांचा सीन. कामकाज रटाळ चाललंय, व्हिव्हियान कंटाळून बांधलेले केस सोडते, बोटांनी विंचरते, तिच्या लक्षातही नाही. आणि न्यायाधीश एकदम ओरडतो की केस बांध. पूर्ण सिनेमात ती ओरडते, हसत सुटते, हात जोडते, पण मला विचाराल तर ती किती वर्षं तिथे बसलीये हे या अर्ध्या मिनिटात कळतं. शेवट सांगत नाही, पण नवरा शेवटी जी अट घालतो ती ऐकून मला दोन दिवस चैन पडलं नव्हतं.

सिनेमाने प्रत्यक्षात काही बदललं का?

कायदा तोच आहे, नवऱ्याच्या मर्जीशिवाय आजही गेट्ट नाही. पण चर्चा झाली, आणि छोटी नाही झाली. 2014 चं बेस्ट फिल्मचं ओफिर मिळालं, इस्रायलकडून ऑस्करला गेला, गोल्डन ग्लोबचं नॉमिनेशन मिळालं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे 2015 मध्ये रब्बी न्यायाधीशांच्या वार्षिक परिषदेत तो दाखवला गेला. ज्यांच्यावर सिनेमा आहे ते लोक एका हॉलमध्ये बसून तो बघतायत, हे मला अवॉर्ड्सपेक्षा मोठं वाटतं.

ती फक्त बायकांच्या प्रश्नावरच काम करायची का?

बरंचसं, पण एवढंच नाही. 2011 च्या 'इनव्हिजिबल' मध्ये एकाच माणसाने बलात्कार केलेल्या दोन बायका वीस वर्षांनी भेटतात, त्यातली एक रोनित. श्लोमीने पॅलेस्टिनी लोकांच्या साक्षी इस्रायली कलाकारांकडून हिब्रूतून बोलवून घेत एक सिनेमा केला, त्यातही ती आहे. इस्रायलमध्ये राहून असं काम करायला हिंमत लागते.

लग्न, मुलं, आजार याबद्दल?

2010 मध्ये आर्किटेक्ट अवनेर याशारशी लग्न झालं, जुळी मुलं झाली. पडद्यावर आयुष्यभर घटस्फोट मागणारी बाई प्रत्यक्षात पंचेचाळिशीत पहिल्यांदा लग्न करत होती. कॅन्सर झाला होता, पण तिने ते बाहेर फार बोलू दिलं नाही, 2015 मध्ये कान्सच्या क्रिटिक्स वीकच्या ज्युरीची अध्यक्ष होती. एका फ्रेंच सिरियलमध्ये पंतप्रधान झाली होती, ती लागली 2016 च्या सुरुवातीला, आणि एप्रिलमध्ये ती गेली. बातमी आली तेव्हा बऱ्याच लोकांना आजारी होती हेच माहीत नव्हतं.

नंतर श्लोमीने घरी आणि शूटिंगला काढलेल्या तिच्या रेकॉर्डिंग्जवरून दोन भागांची डॉक्युमेंट्री केली, 'ब्लॅक नोटबुक्स', 2021 मध्ये कान्सला दाखवली. एका भागाचं नाव व्हिव्हियान, दुसऱ्याचं रोनित. तिन्ही सिनेमे झाल्यावरच बघा, आधी नको.

नवीन माणसाने कुठून सुरुवात करावी?

'द बँड्स व्हिजिट', घरच्यांबरोबर पण बघता येतो. मग 'लेट मॅरेज', तो घरच्यांबरोबर नको. मग थेट 'गेट्ट', आणि तो आवडला की मागे जाऊन बाकीचे दोन.

आपल्या मराठी लोकांचा याच्याशी काही संबंध?

रोनितचा थेट नाही. पण तिच्या विषयाशी आहे, आणि हे फार लोकांना माहीत नाही. रायगड, मुंबईकडून इस्रायलला गेलेले बेने इस्रायल ज्यू, आपले तेलाचे घाणे चालवणारे शनवार तेली, तेही याच मिझराही गर्दीत याच वाळवंटी वसाहतींमध्ये टाकले गेले, दिमोना, बेर शेवा, येरुहाम. 'द बँड्स व्हिजिट' चं ते ओसाड गाव म्हणून जे येरुहाम दिसतं तिथेही भारतातून गेलेली ज्यू घरं आहेत. आणि याच रब्बींच्या व्यवस्थेने 1960 च्या दशकात बेने इस्रायल लोकांना सांगितलं की तुम्हाला इतर ज्यूंशी लग्न करायचं असेल तर आधी मागच्या पिढ्या तपासू, कारण तुमच्याकडे पूर्वी घटस्फोट आणि लग्नं शास्त्राप्रमाणे झाली की नाही याची खात्री नाही. म्हणजे पुन्हा गेट्टच. लोक मुलाबाळांसकट जेरुसलेमला जाऊन बसले, उपोषणं केली, आणि 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेला जाहीर करावं लागलं की बेने इस्रायल हे सगळ्या बाबतीत बाकीच्यांसारखेच ज्यू आहेत. त्या पिढीतल्या बायका तिथे मराठी बोलायच्या, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघायचं. त्यांच्या घरातल्या व्हिव्हियानवर अजून कुणी सिनेमा केलेला माझ्या बघण्यात नाही, कुणी केला तर पहिल्या दिवशी जाऊन बघेन.